कृष्णविवराचे पोट मोजताना : प्रिन्स्टन ते केंब्रिज

सोमवार

एडिसनहून ट्रेंटनच्या दिशेने जाणारी लोकल पकडली की वाटेत प्रिन्स्टन जंक्शन लागते, आणि तिथून ‘डिंकी’ या लाडक्या नावाची छोटी गाडी सव्वाचार किलोमीटरचे अंतर पाच मिनिटांत कापून विद्यापीठाच्या दाराशी आणून सोडते. मुक्काम एडिसनला भाचीकडे असल्यामुळे ये-जा सोपी होती. ‘‘मामा, प्रिन्स्टन एका दुपारीत बघून होतं, रोज रोज जाऊन काय करणार?’’ असे तिने विचारले होते, आणि पर्यटकाच्या दृष्टीने तिचे म्हणणे बरोबरच होते. कृष्णविवरांच्या विचित्र वागण्याचे उत्तर संगणकशास्त्रातील ‘जटिलता’ (एखाद्या गोष्टीपर्यंत पोचायला कमीतकमी किती पायऱ्या लागतात याचे माप) या संकल्पनेत असावे, ही कल्पना गेल्या दशकभरात सैद्धांतिक भौतिकशास्त्रात जोर धरून आहे. ती ज्या धाग्यांची विणली गेली त्यांतील बरेचसे या एका लहान गावातून निघालेले आहेत, आणि ते धागे पायी फिरत, सावकाश पाहावेत, एवढाच माझा हेतू होता.

पहिला दिवस मर्सर स्ट्रीटला दिला. ११२ क्रमांकाचे पांढरे लाकडी घर आइन्स्टाइनचे. त्याचे स्मारक करू नये ही त्याचीच इच्छा असल्यामुळे तिथे पाटी नाही, तिकीट नाही. लोक फुटपाथवरून छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. माझ्या समोरच तिघाचौघांनी तसे केले. परंतु ज्यासाठी मी आलो होतो ते १९३५ सालचे दोन निबंध या घरात लिहिले गेलेले नाहीत. हे घर आइन्स्टाइनने घेतले तोवर दोन्ही निबंध छापून आलेले होते. ते लिहिले तेव्हा तो जवळच लायब्ररी प्लेस या गल्लीतील २ क्रमांकाच्या भाड्याच्या घरात राहत होता. त्या गल्लीत छायाचित्र काढणारे कोणी नव्हते.

पहिला निबंध १५ मे १९३५ चा, बोरिस पोडोल्स्की आणि नेथन रोझेन यांच्यासह लिहिलेला. एकदा परस्परांशी संबंध आलेले दोन कण कितीही दूर गेले तरी त्यांची अवस्था क्वांटम सिद्धांताला वेगवेगळी सांगता येत नाही, ती जोडीचीच सांगावी लागते. एकावर मापन केले की दुसऱ्याविषयी काय म्हणता येईल ते तत्क्षणी ठरते. सिद्धांत अपुरा आहे, असा निष्कर्ष लेखकांनी त्यावरून काढला. याच जोडबंधनाला पुढे एन्टँगलमेंट हे नाव मिळाले. दुसरा निबंध १ जुलैचा, फक्त रोझेनसह. कृष्णविवराच्या गणिती उत्तरात अवकाशाचे दोन पदर एका चिंचोळ्या पुलाने जोडलेले निघतात, हे त्यात दाखवले होते. कृष्णविवर हा शब्द तेव्हा नव्हता आणि त्या दोघांना कृष्णविवरात रसही नव्हता. इलेक्ट्रॉनसारखा कण म्हणजे असा एखादा पूल असावा, अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरली. आज त्या पुलाला आपण वर्महोल म्हणतो. सहा-सात आठवड्यांच्या अंतराने प्रसिद्ध झालेल्या या दोन निबंधांत एकमेकांचा उल्लेखही नाही, आणि पुढची जवळजवळ ७८ वर्षे त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

मंगळवार

आज विद्यापीठाचा परिसर. ऑक्टोबरमधली झाडे लाल-पिवळी झालेली होती आणि त्यांचे वर्णन याआधी पुष्कळांनी केलेले असल्यामुळे मी ते करत नाही. मला जोन्स हॉल पाहायचा होता. १९३१ मध्ये गणित विभागासाठी बांधलेली ही विटांची इमारत तेव्हा फाइन हॉल म्हणून ओळखली जाई; आता तिथे पूर्व आशिया आणि मध्यपूर्वेच्या अभ्यासाचे विभाग आहेत. आइन्स्टाइन जिथे काम करत असे ती इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी १९३९ पर्यंत स्वतःच्या वास्तूत गेली नव्हती, त्यामुळे आइन्स्टाइनची खोली याच इमारतीत होती. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनही इथेच. गणित विभागातील तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च इथेच शिकवत असे, आणि १९३६ ते १९३८ या काळात त्याच्याकडे डॉक्टरेटसाठी आलेला ॲलन ट्युरिंग इथल्याच जिन्यांवरून चढत-उतरत असे. म्हणजे पुलाचा निबंध, जोडबंधनाचा निबंध आणि ‘यंत्राला काय मोजता येईल व काय येणार नाही’ या प्रश्नाचा पाया, हे सारे चार-पाच वर्षांत एका छपराखाली घडले. काचांच्या तावदानांत सापेक्षतावादाची समीकरणे बसवलेली आहेत. एकीकडच्या शेकोटीवर आइन्स्टाइनचे वाक्य जर्मनमध्ये कोरलेले आहे: ईश्वर चतुर आहे, पण दुष्ट नाही.

शेजारचा फ्रिस्ट कॅम्पस सेंटर म्हणजे पूर्वीची पामर भौतिकी प्रयोगशाळा, जॉन व्हीलरचे कार्यक्षेत्र. १९६७ मध्ये ‘ब्लॅक होल’ हे नाव त्याने रूढ केले. पुढे विभाग जॅडविन हॉलमध्ये हलला, आणि व्हीलरच्या जेकब बेकेनस्टाइन या विद्यार्थ्याने १९७२ मध्ये डॉक्टरेट करताना एक धाडसी विधान केले. गरम चहा आणि थंड चहा एकत्र करून मी विश्वाची अव्यवस्था वाढवली व तो पेला कृष्णविवरात टाकला तर माझ्या गुन्ह्याचा पुरावा नष्ट होतो का, असे व्हीलरने त्याला विचारले होते. बेकेनस्टाइनचे उत्तर असे, की पुरावा नष्ट होत नाही. कृष्णविवरालाही एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, असते आणि ती त्याच्या घटना क्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या, म्हणजे जेमतेम ३ किलोमीटर त्रिज्येच्या कृष्णविवराची एन्ट्रॉपी १० च्या ७७ व्या घाताच्या घरात जाते. स्टीफन हॉकिंगला हे आधी मान्य नव्हते. चूक दाखवायला म्हणून त्याने केलेल्या गणितातून १९७४ मध्ये उलटेच निघाले, की कृष्णविवर खरोखर तापलेले असते, त्यातून मंद प्रारण बाहेर पडते, आणि सूर्याइतके वस्तुमान असलेले कृष्णविवर सुमारे १० च्या ६७ व्या घाताइतक्या वर्षांत विरून जाते.

जॅडविन आणि आजचा उंच फाइन हॉल यांच्यामधल्या पटांगणात काल्डरचे पोलादी चकत्यांचे भव्य शिल्प आहे. त्याच्याजवळच्या कठड्यावर बसून मी २०१२ सालचा तंटा पुन्हा वाचला. कृष्णविवर विरताना आत पडलेली माहिती नष्ट होते, असे हॉकिंगने १९७६ मध्ये म्हटले होते. क्वांटम सिद्धांताला तसे चालत नाही, आणि २००४ मध्ये डब्लिनच्या परिषदेत हॉकिंगने हार मानून, माहिती टिकते अशी त्याच्याशी पैज लावणाऱ्या जॉन प्रेस्किल या भौतिकशास्त्रज्ञाला पैजेचा बेसबॉलचा ज्ञानकोश दिलाही होता. माहिती बाहेर येते हे बहुतेकांनी स्वीकारले तेव्हा खरी अडचण पुढे आली. अहमद अलमहेरी, डोनाल्ड मॅरोल्फ, जोसेफ पोल्चिन्स्की आणि जेम्स सली या चौघांनी दाखवले, की अर्ध्याहून अधिक विरलेल्या कृष्णविवरातून आता बाहेर पडणारा कण पूर्वीच्या सगळ्या प्रारणाशी पुरता जोडलेला असला पाहिजे, नाहीतर माहिती बाहेर येणार नाही. आणि तोच कण क्षितिजाच्या आतल्या आपल्या जोडीदाराशीही पुरता जोडलेला असला पाहिजे, नाहीतर क्षितिजापाशी अवकाश गुळगुळीत राहणार नाही. पूर्ण जोडबंधन एकाच वेळी दोघांशी करता येत नाही, हा क्वांटम सिद्धांताचा कडक नियम आहे. मग क्षितिजावर आगीची भिंत उभी आहे आणि आत पडणारा तिथेच जळून जातो, असे म्हणावे लागेल, असा या चौघांचा निष्कर्ष होता. सापेक्षतावाद तर म्हणतो, की मोठ्या कृष्णविवराचे क्षितिज ओलांडताना पडणाऱ्याला काहीच जाणवू नये.

जटिलता या कथेत प्रथम शिरते ती इथे. जानेवारी २०१३ मध्ये डॅनियल हार्लो, जो त्या वेळी प्रिन्स्टनमध्येच होता, आणि पॅट्रिक हेडन यांनी विचारले: हा विरोधाभास प्रत्यक्ष पाहायला काय करावे लागेल? आधी पूर्वीचे सगळे प्रारण गोळा करून, त्यात विखुरलेला तो एक जोडीदार क्वांटम संगणकाच्या साह्याने गाळून काढावा लागेल, आणि मग तो घेऊन आत उडी मारावी लागेल. या गाळणीला लागणाऱ्या पायऱ्या एन्ट्रॉपीच्या घातांकी प्रमाणात वाढतात, असे मानण्यास सबळ कारणे आहेत. सूर्याइतक्या कृष्णविवरासाठी ती पायऱ्यांची संख्या लिहायची झाली तर तिच्यातील अंकच १० च्या ७७ व्या घाताच्या आसपास होतील, आणि कृष्णविवर तर ‘अवघ्या’ १० च्या ६७ व्या घाताइतक्या वर्षांत संपून जाणार. गाळणी पुरी होण्याच्या कितीतरी आधी उडी मारायला जागाच उरत नाही. निसर्गातला विसंगत प्रसंग अशक्य ठरतो तो कोणत्या बळामुळे किंवा पदार्थामुळे नव्हे, केवळ हिशेब फार अवघड आहे म्हणून. हे वाचून प्रथम अनेकांना पळवाट वाटली, मलाही वाटली. परंतु जे तत्त्वतःही कोणाला करून पाहता येत नाही त्याची चिंता भौतिकशास्त्राने करू नये, हा आग्रह तसा जुनाच आहे, आणि या विचारधारेतला सर्वांत भक्कम युक्तिवाद मला आजही हाच वाटतो.

बुधवार

सकाळी मर्सर स्ट्रीटवरून इन्स्टिट्यूटपर्यंत चालत गेलो. आइन्स्टाइन आणि तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांच्या रोजच्या फेरफटक्याचा हाच परिसर. अलीकडे माझ्या कार्याला फारसा अर्थ उरलेला नाही, गोडेलबरोबर चालत घरी परतता यावे एवढ्यासाठीच मी कचेरीत जातो, असे आइन्स्टाइन उतारवयात म्हणत असे, हे त्यांच्या स्नेह्याने नोंदवून ठेवले आहे. फुल्ड हॉल ही संस्थेची मुख्य इमारत पाहुण्यांसाठी खुली नसते. हिरवळ, तळे आणि मागचे रान मात्र कोणालाही फिरायला मोकळे आहे.

मनोरा दिसू लागला तेव्हा मला १९३९ सालची एक गंमत आठवली. त्या वर्षी या इमारतीत कामाला आलेल्या आइन्स्टाइनने, तारा इतका आकसणे निसर्गात शक्य नाही, असे प्रतिपादणारा निबंध प्रिन्स्टनच्याच गणित-पत्रिकेत छापला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात रॉबर्ट ओपेनहायमर आणि हार्टलँड स्नायडर यांनी तारा नेमका कसा आकसत जातो याचे गणित प्रसिद्ध केले. पुढे १९४७ मध्ये ओपेनहायमर याच संस्थेचा संचालक होऊन आला आणि दोघे बरीच वर्षे एकाच आवारात वावरले.

वान माल्दासेना २००१ पासून या संस्थेत आहे. १९९७ मध्ये त्याने मांडलेल्या द्वैतामुळे ही सारी चर्चा शक्य झाली: एका विशिष्ट, आत वळलेल्या, अँटी-डी-सिटर नावाच्या काल्पनिक विश्वातले गुरुत्वाकर्षण आणि त्या विश्वाच्या सीमेवरचा गुरुत्वाकर्षणरहित क्वांटम सिद्धांत ही एकाच गोष्टीची दोन वर्णने आहेत. आतले कृष्णविवर म्हणजे सीमेवरचा तापलेला क्वांटम द्रव. २०१३ मध्ये माल्दासेना आणि स्टॅनफर्डचा लेनर्ड सस्किंड यांनी सुचवले, की १९३५ चे दोन निबंध एकाच गोष्टीविषयी होते. दोन कृष्णविवरे परस्परांशी जोडबंधनात असतील तर त्यांच्यामध्ये वर्महोल असतेच. जोडबंधन हाच पूल. पुलाचा निबंध आणि जोडबंधनाचा निबंध लिहिणाऱ्यांच्या आद्याक्षरांमध्ये बरोबरीचे चिन्ह टाकून ते समीकरण प्रसिद्ध झाले. लायब्ररी प्लेसच्या त्या घरावर पाटी लावायचीच झाली तर ती याची लावावी.

परंतु या समीकरणाने सस्किंडला एक नवी डोकेदुखी दिली. व्हीलर आणि रॉबर्ट फुलर यांनी १९६२ मध्येच दाखवले होते, की हा पूल स्थिर राहत नाही. तो इतक्या वेगाने ताणला जातो, की प्रकाशालाही पलीकडे पोचता येत नाही. बाहेरचे घड्याळ चालू असेपर्यंत पुलाची लांबी वाढतच जाते. बाहेरून पाहिले तर त्या कृष्णविवरात काहीच घडत नसते: क्षेत्रफळ तेच, तापमान तेच, एन्ट्रॉपी तीच. सूर्याइतक्या कृष्णविवरात काही टाकले तर काही मिलिसेकंदांत त्याची माहिती पूर्ण मिसळून जाते आणि सगळे शांत होते. आत मात्र पोट युगानुयुगे वाढत राहते. दोन्ही वर्णने एकाच गोष्टीची असतील, तर सीमेवरच्या वर्णनात असे काय आहे जे सगळे शांत झाल्यावरही वाढत राहते? सस्किंडने आपल्या एका निबंधाच्या शीर्षकातच सांगितल्याप्रमाणे, जोडबंधन पुरेसे नाही. तेही लवकरच आपल्या कमाल मर्यादेला पोचून थांबते.

संस्थेच्या आवारालगत ओल्डन लेनवरून परतताना फॉन नॉयमनच्या संगणकाची आठवण होणे साहजिक होते. १९५२ मध्ये कार्यान्वित झालेल्या त्या यंत्राची स्मृती १०२४ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा, म्हणजे सगळे मिळून ५ किलोबाइट. यंत्र आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. २० मार्च १९५६ ला गोडेलने फॉन नॉयमनला लिहिलेले पत्र मला त्या यंत्राहून महत्त्वाचे वाटते. मित्राच्या गंभीर आजाराबद्दल हळहळ व्यक्त करून लगेच तो विचारतो: दिलेल्या लांबीची सिद्धता आहे की नाही हे उत्तम यंत्राला ठरवायचे असेल, तर लांबीबरोबर पायऱ्यांची संख्या किती वेगाने वाढेल? ती सावकाश वाढली तर गणितज्ञाचा विचार यंत्राकडे सोपवता येईल. एखादे काम ‘होईल की नाही’ हा चर्च आणि ट्युरिंगचा प्रश्न ओलांडून ते ‘किती पायऱ्यांत होईल’ असे इथे विचारले गेले. फॉन नॉयमन त्यानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १९५७ मध्ये, वारला. संगणकशास्त्राने हा प्रश्न १९७१ मध्ये स्वतंत्रपणे उभा केला आणि आजही तो सुटलेला नाही.

गुरुवार

दिवसभर पाऊस, त्यामुळे एडिसनलाच. ओक ट्री रोडवरून भाचीने आणलेले बटाटेवडे आणि तिच्या मुलाबरोबर बदाम सात. सस्किंडने २०१४ मध्ये दिलेले उत्तर मला नीट उमगले ते या पत्त्यांच्या मदतीने, म्हणून ते इथे सांगतो.

नवा कॅट क्रमाने लावलेला असतो. तो पिसत गेले की क्रम मोडतो, आणि सात वेळा नीट पिसला की व्यवहारात पूर्ण मिसळला असे गणितज्ञ सांगतात. आठव्यांदा, ऐंशीव्यांदा पिसला तरी तो आणखी मिसळत नाही. अव्यवस्था कमाल झालेली असते. ही एन्ट्रॉपी. आता दुसरा प्रश्न: हाती आलेला कॅट मूळ क्रमापासून किती ‘दूर’ आहे, म्हणजे ठरलेल्या साध्या कृती वापरून मूळ क्रमातून इथवर यायला कमीतकमी किती पायऱ्या लागतील? ही जटिलता. पत्त्यांच्या बाबतीत हे दोन आकडे जवळजवळ बरोबरच आपल्या मर्यादेला पोचतात. भाचीच्या मुलाने बावन्न पाने मांडीवर घेऊन एकेक उचलत पुन्हा क्रमाने लावली, तेव्हा त्याला फार तर बावन्न उचली लागल्या. पाने कितीही पिसलेली असोत, त्याहून जास्त लागणारच नाहीत.

क्वांटम जगात उपमा इथेच मोडते, आणि जिथे मोडते तीच जागा मोलाची आहे. काही क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे बिट, घेऊन त्यांच्यावर दोन-दोनच्या साध्या क्रिया करत गेले, तर जोडबंधन आणि एन्ट्रॉपी थोड्याच वेळात भरून जातात. पण क्यूबिटांच्या अवस्थेचे वर्णन करायला त्यांच्या संख्येच्या घातांकी प्रमाणात आकडे लागतात, आणि त्या अफाट अवकाशात फिरायला इतकी जागा असते, की कमीतकमी पायऱ्यांची संख्या पुढेही एकेकाने वाढत राहते. पन्नास क्यूबिटांसाठी जोडबंधन भरायला फार काळ लागत नाही. जटिलता भरायला लागणाऱ्या पायऱ्या २ च्या ५० व्या घाताच्या, म्हणजे दहाच्या पंधराव्या घाताच्या, घरात जातात. सगळे शांत झाल्यावरही वाढत राहणारी राशी सस्किंडला सापडली ती ही. पुलाची लांबी आणि बाहेरच्या क्वांटम अवस्थेची जटिलता एकाच दराने, एकसारखी वाढतात. म्हणून पुलाचे घनफळ हेच जटिलतेचे माप आहे, असा त्याचा तर्क. डग्लस स्टॅनफर्डबरोबर त्याने तो आघात-लहरींनी हादरवलेल्या कृष्णविवरांवर ताडून पाहिला, आणि पुलाची लांबी जटिलतेच्या हिशेबाप्रमाणेच बदलते असे आढळले. २०१५ मध्ये ॲडम ब्राउन, डॅनियल रॉबर्ट्स, ब्रायन स्विंगल आणि यिंग झाओ यांच्यासह त्याने घनफळाऐवजी भौतिकशास्त्रातील ‘क्रिया’ (ॲक्शन) ही राशी घेणारी दुसरी आवृत्ती मांडली.

‘‘म्हणजे आत जागा वाढते ती हिशेब लांबतो म्हणून?’’ भाचीने विचारले. असे म्हणण्याचा मोह होतो, पण ‘म्हणून’ हा शब्द मी तिला परत घ्यायला लावला. दोन वर्णनांतल्या दोन राशी जुळतात एवढेच आजवर दिसलेले आहे. कोण कोणाचे कारण, हे नाही. शिवाय ‘एकेकाने वाढते’ हे विधानही बरीच वर्षे केवळ अंदाज होता. यादृच्छिक क्वांटम परिपथांची, म्हणजे वाटेल तशा निवडलेल्या साध्या क्रियांच्या साखळ्यांची, जटिलता घातांकी काळापर्यंत सरळ रेषेत वाढते, याची सिद्धता योनास हाफरकांप, येन्स आयझर्ट, निकोल युंगर हाल्पर्न आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दिली, तीही अंदाजे नव्हे तर तंतोतंत मोजलेल्या जटिलतेपुरती. बदाम सात मी हरलो.

शुक्रवार

प्रिन्स्टनची दफनभूमी १७५७ पासूनची आहे आणि तिथे प्रसिद्ध व्यक्तींच्या थडग्यांचा नकाशा मिळतो. बहुतेकांना ग्रोव्हर क्लीव्हलँड हा राष्ट्राध्यक्ष आणि ॲरन बर हा उपराष्ट्राध्यक्ष हवे असतात. मला गोडेल, फॉन नॉयमन आणि चर्च हवे होते. तिघेही इथेच आहेत. ओल्या पानांवरून घसरत तिन्ही शोधायला बराच वेळ गेला.

चर्चच्या दगडापाशी थोडा अधिक थांबलो, कारण या विषयाला सर्वांत अवघड प्रश्न त्याच्या नावाचा आहे. चर्च आणि ट्युरिंग यांच्या प्रतिपादनाची आजची विस्तारित क्वांटम आवृत्ती म्हणते, की निसर्गात जे काही घडते त्याची नक्कल क्वांटम संगणकाला वाजवी पायऱ्यांत करता येते. २०१९ मध्ये ॲडम बुलँड, बिल फेफरमन आणि बर्कलीचे उमेश वझिरानी यांनी याला कृष्णविवराशी भिडवले. पुलात शिरलेल्या माणसाला पूल लांब आहे की आखूड, हे ढोबळपणे जाणवायला हवे. तो एक साधा भौतिक अनुभव आहे. पण दिलेल्या क्वांटम अवस्थेची जटिलता जास्त आहे की कमी, हे ओळखणे क्वांटम संगणकालाही अशक्यप्राय असते, आणि गूढलेखनशास्त्रातील वरकरणी यादृच्छिक अवस्थांच्या आधारे त्यांनी ते दाखवून दिले. मग लांबी म्हणजेच जटिलता असेल तर दोहोंपैकी एक मान्य करावे लागते: एक तर माल्दासेनाच्या द्वैतातला शब्दकोश स्वतःच घातांकी अवघड आहे, आतल्या वर्णनाचे बाहेरच्या वर्णनात भाषांतर व्यवहारात कधीच होणार नाही, नाहीतर निसर्ग क्वांटम संगणकालाही न जमणारे हिशेब करतो. सस्किंडने २०२० मध्ये यावर उत्तर दिले, की आत शिरलेला माणूस जे पाहतो ते बाहेर कळवू शकत नाही, म्हणून क्षितिज चर्च आणि ट्युरिंगच्या प्रतिपादनाचे रक्षण करते. उत्तर चतुर आहे. पण आतल्याने पाहिले ते पाहिलेच, आणि बाहेर सांगता आले नाही म्हणून ते भौतिकशास्त्रात मोडत नाही, हे मला पटवून घेता आले नाही. संगणकशास्त्रज्ञांनी विचारलेला हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांनी एरवी स्वतःहून विचारला नसता, एवढे मात्र नक्की.

शनिवार, केंब्रिज

मेट्रोपार्कहून ॲमट्रॅकने बॉस्टनचे साउथ स्टेशन, आणि तिथून रेड लाइनने बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधले केंडल. वाटेतला कनेटिकटचा किनारा सुरेख आहे आणि गाडी वेळेवर होती. प्रवासाबद्दल आणखी सांगण्यासारखे नाही. शनिवार असल्यामुळे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या त्या प्रसिद्ध लांबलचक ‘अनंत’ मार्गिकेत शुकशुकाट होता. तिची लांबी २५१ मीटर आहे आणि तेवढीच राहते.

इथे यायचे कारण २०२२ चे एक काम. हार्लो आता इथे आहे आणि नेटा एंगेलहार्टही. २०१९ मध्ये जेफ पेनिंग्टनने, आणि स्वतंत्रपणे अलमहेरी, एंगेलहार्ट, मॅरोल्फ व हेन्री मॅक्सफिल्ड यांनी, प्रारणाची एन्ट्रॉपी आधी वाढून मग उतरते हे गुरुत्वाकर्षणाच्याच गणिताने काढले. डॉन पेज याने १९९३ मध्ये वर्तवलेला तो आलेख मिळाला, म्हणजे माहिती बाहेर येते याचा हिशेब जुळला. पण हिशेब जुळला तशी पोटाची अडचण पुन्हा टोकदार झाली. विरत आलेल्या कृष्णविवराचे क्षेत्रफळ लहान, म्हणून बाहेरच्या वर्णनात त्याला मोजक्याच अवस्था उपलब्ध. आतले पोट मात्र अवाढव्य, तिथल्या अवस्था त्याहून कितीतरी अधिक. मोठ्याचे वर्णन लहानात बसवायचे तर वेगवेगळ्या आतल्या अवस्था बाहेर एकच दिसणार, म्हणजे क्वांटम सिद्धांताचा संभाव्यतेचा नियम आत मोडणार. ख्रिस एकर्स, एंगेलहार्ट, हार्लो, पेनिंग्टन आणि श्रेया वर्धन यांनी दाखवले, की असे दडपून बसवणे चालू शकते. दोन आतल्या अवस्थांमधील फरक पुसला जातो तो केवळ अशा प्रयोगांना दिसेल ज्यांची जटिलता एन्ट्रॉपीच्या घातांकी प्रमाणात आहे. त्याहून साधे काहीही करणाऱ्याला आतला अवकाश गुळगुळीत आणि नियम अबाधितच वाटणार. मंगळवारच्या हार्लो-हेडन युक्तिवादाचा हा मोठा भाऊ. आधीच्या निबंधात अवघडपणामुळे एक विरोधाभास दिसेनासा झाला होता. इथे कृष्णविवराचे अंतरंग हीच एक अंदाजी गोष्ट ठरते, आणि अंदाज कोठवर खरा मानायचा याची हद्द जटिलता आखते.

संध्याकाळी चार्ल्स नदीच्या काठाने चालताना दोन धागे मी मनात वेगळे केले. जटिलता अंतरंगाचे रक्षण करते हा धागा मला टिकाऊ वाटतो, कारण त्याला जटिलतेची नेमकी किंमत लागत नाही. ती घातांकी आहे एवढे पुरते. पोटाचे घनफळ म्हणजेच जटिलता हा धागा अधिक देखणा आहे आणि अधिक सैलही. किमान पायऱ्या मोजताना कोणत्या क्रिया ‘साध्या’ मानायच्या हे आपणच ठरवतो, आणि ती निवड बदलली की आकडा बदलतो. उलट बाजूने, अलेक्झांडर बेलिन, रॉबर्ट मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घनफळाऐवजी आतल्या भूमितीतील इतर असंख्य राशी घेतल्या तरी त्याही तशाच सरळ रेषेत वाढतात असे दाखवून, मग जटिलता म्हणजे यांपैकी कोणतीही राशी का, असे शीर्षकातच विचारले आहे. यातले जवळजवळ सगळे गणित माल्दासेनाच्या त्या आत वळलेल्या विश्वातले आहे, आपल्या प्रसरणाऱ्या विश्वातले नाही. घातांकी काळानंतर जटिलता वाढायची थांबते तेव्हा पुलाचे काय होते, यावर डग्लस स्टॅनफर्ड आणि झेनबिन यांग यांनी २०२२ मध्ये एका सोप्या द्विमितीय प्रतिकृतीत गणित मांडले. त्यात अतिवृद्ध कृष्णविवराचे रूपांतर काही संभाव्यतेने उलट्या, बाहेर फेकणाऱ्या श्वेतविवरात होते आणि आत उडी मारणाऱ्याला क्षितिजावर तीच आगीची भिंत भेटू शकते. ती संभाव्यता नेमकी किती, यावर त्यानंतरही निबंध येत आहेत.